फिरस्त्यांची तपासणी

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीशी आधी नाव विचारतात, मग वय आणि मग गाव. पहिल्या दोन प्रश्नांशी कोणी थांबत नाही. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र काही माणसे क्षणभर घुटमळतात. जन्मलो ते गाव सांगावे, शिधापत्रिकेवर आहे ते सांगावे, की आज रात्री जिथे पाठ टेकणार आहोत ते सांगावे? निवृत्तीनंतरची सहा वर्षे आम्ही उभयता या घुटमळणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत. त्या रांगेत आमच्या पुढेमागे उभी असलेली माणसे पाहून जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्हांपैकी एकाने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, दुसरीने परिचारिका म्हणून सेवा केली. निवृत्त झालो तेव्हा वसईचे घर थोरल्याच्या वाढत्या संसाराला अपुरे पडू लागले होते. ते त्याच्या स्वाधीन करून आम्ही दोन पेट्या भरल्या. लेक नागपूरला, धाकटा मडगावला. या दोन टोकांच्या मधे जुने सहकारी, विद्यार्थी, आप्त असे पुष्कळ. कुठे महिना, कुठे पंधरवडा, कुठे भाड्याची खोली. पायाला भिंगरी लागल्यासारखे आमचे जिणे झाले, आणि खरे सांगायचे तर ते आम्हांला मानवले. अडचण एकच होती. एकाला रक्तदाब, दुसरीला मधुमेह. आणि दोघांचीही वये अशी, की काही दुखत नसले तरी वर्षातून एकदा शरीराचा हिशेब तपासून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी आमचे वाडवडील घर शाकारून घेत. कौल गळू लागल्यावर शाकारणी करणारा माणूस आमच्या भागात आळशी समजला जाई. शरीराचेही तसेच आहे. पण घर जागेवर असते. ज्याचे बिऱ्हाडच पाठीवर, त्याने कोणत्या गावी, कोणाकडून आणि किती पैशांत हे काम करून घ्यावे?

उपचार आणि तपासणी यांत एक भेद आहे, तो प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. आजार माणसाला दवाखान्यात ओढून नेतो. ज्या गावी ताप आला त्या गावचा डॉक्टर त्याला औषध देतो आणि बहुधा तेवढ्यावर भागते. तपासणीला मात्र धडधाकट माणसाने आपल्या पायांनी जावे लागते. शिवाय एकदा जाऊन भागत नाही. रक्तदाबाचा आजचा एक आकडा फारसे बोलत नाही. गेल्या वर्षीच्या आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी तो ठेवला म्हणजे बोलू लागतो. म्हणून तपासणीला दोन गोष्टी लागतात: मागचे स्मरण आणि पुढचे बोलावणे. स्थिर माणसाच्या बाबतीत ही दोन्ही कामे गावचा डॉक्टर, शेजारची आशाताई, घरातले कपाट अशी अनेक जण मिळून करतात. फिरत्या माणसाला ती एकट्याने करावी लागतात, नाही तर ती होतच नाहीत.

एका मोठ्या शहरातील एका खाजगी रुग्णालयात आम्हांला आलेला अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे काम आणि रक्तदाब एवढेच तपासून हवे होते. ते सुटे मिळणार नाही, संपूर्ण तपासणीचा संच घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. संचात चाळीसहून अधिक चाचण्या होत्या. दोघांचे मिळून काही हजार रुपये गेले. संध्याकाळी गुळगुळीत कागदाची फाईल हाती आली. परंतु ती उघडून आम्हांला चार शब्द सांगायला कोणी नव्हते, आणि आम्ही नेलेली जुन्या आकड्यांची वही कोणी उघडून पाहिली नाही. अडीच महिन्यांनी दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांनी ती फाईल बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून सर्व चाचण्या लिहून दिल्या. तेव्हा आम्हांला उमगले, की फिरत्या माणसाला तपासणी महाग पडते ती केवळ दरामुळे नव्हे. प्रत्येक मुक्कामी नव्याने आरंभ करावा लागतो म्हणून पडते.

त्यानंतर आम्ही आमची एक रीत बसवली. प्रत्येकाची एक शंभर पानी वही. तीत तारीख, गाव, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी, वजन. गोळ्यांची नावे कंपनीची न लिहिता औषधाची मूळ नावे लिहायची, कारण कंपनीचे नाव जिल्हा बदलला की बदलते, मूळ नाव बदलत नाही. वर्षाच्या तपासणीचा महिना ठरलेला: आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा. त्या महिन्यात ज्या गावी असू तेथील सरकारी रुग्णालय गाठायचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. त्यामुळे या रीतीचा खर्च आता रिक्षाभाडे आणि एक सकाळ एवढाच उरला आहे. ज्यांना पूर्वी आपण उपकेंद्र किंवा आरोग्य केंद्र म्हणत असू, त्यांपैकी पुष्कळांवर आज 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर दरवर्षी पाहावी, तोंड आणि स्तन यांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, आणि तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचीही दर पाच वर्षांनी करावी, असा सरकारचा नेम आहे. गाव कोणतेही सांगितले तरी आम्हांला आजवर कोणी परत पाठवलेले नाही. रांग असते. ती आम्ही सोबत पुस्तक नेऊन सोसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग प्रश्न सुटला. आमचा सुटला, हे खरे. परंतु आम्ही स्वखुशीने फिरणारी, निवृत्तिवेतन खाणारी, लिहिता-वाचता येणारी माणसे. पोटासाठी फिरणाऱ्यांचे काय होते, हे आम्हांला पोखर्णीला कळले.

पोखर्णी हे परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचे गाव. नृसिंहाच्या प्राचीन मंदिरामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. परभणी–परळी लोहमार्गावरील स्थानकाचे नावसुद्धा 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. सभोवती काळी कसदार जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. पुढे गंगाखेडला गोदावरी आणि जनाबाईंचे जन्मगाव. आमचे एक जुने सहकारी, ज्यांना सारा गाव गुरुजी म्हणतो, निवृत्तीनंतर या भागात स्थायिक झाले आहेत. २०२३ च्या दसऱ्यानंतर आम्ही त्यांच्याकडे तीन आठवडे राहिलो. ते दिवस ऊसतोडीला निघण्याचे होते. गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातल्या टोळ्या एकेक करून पश्चिमेच्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागे दोन गाड्या जोडलेल्या. त्यांत भांडी, चुलीची लाकडे, बाजरीची पोती, कोपी उभारायचे बांबू आणि ताडपत्री, शेळ्या, त्यांवर मुले आणि मुलांवर लक्ष ठेवणारी म्हातारी. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली ही माणसे होळी-पाडव्याच्या आगेमागे परततात. वर्षाचे पाच-सहा महिने त्यांचे गाव म्हणजे कुठल्या तरी कारखान्याच्या रानातला अड्डा, आणि तोसुद्धा फड संपला की हलतो.

या व्यवसायात नवरा-बायको मिळून एक मजूर मोजला जातो. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्यामागे हंगामाआधीच रक्कम देतो, ती उचल. दिवसभरात तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून जेवढे टन भरतील तेवढी उचल फिटते. ज्या दिवशी जोडीतला एक जण कामावर येणार नाही, तो दिवस खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात. कुठे पाचशे, कुठे हजार. आता वाचकांनी विचार करावा, की अशा बाईला 'सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे' असे सांगण्याचा अर्थ काय होतो? चिठ्ठी फुकट, डॉक्टर फुकट, गोळ्या फुकट. पण दवाखाना आठ-दहा कोसांवर, जायला वाहन नाही, सोबत नवरा आला तर दोघांची मजुरी बुडाली, आणि वर खाडा. कोयत्याच्या हिशेबात ही फुकट तपासणी आमच्या त्या चाळीस चाचण्यांच्या संचाइतकीच महाग पडते.

गुरुजींच्या शेतावर कधीमधी कामाला येणारी एक बाई त्या आठवड्यात आमच्याशी बोलायला आली. आमच्या घरच्या परिचारिकेची ख्याती गुरुजींच्या पत्नीने आधीच तिच्या कानी घातली होती. वय तिसाच्या पुढे थोडे, तीन मुले. दोन वर्षांपासून अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात आणि कमरेत दुखणे. तालुक्याच्या एका डॉक्टरने तिला सांगितले होते, की पिशवी काढून टाक, नाही तर कॅन्सर होईल. टोळीतल्या दोघीतिघींनी ती काढलेली होती. खर्च मुकादम उचलीतून द्यायला तयार होता. तिने विचारले तेही साधेच होते: "आत्ताच काढावी की हंगामाहून आल्यावर?" काढावी की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

हा प्रश्न एकट्या तिचा नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, हे २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातून उजेडात आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा; डोक्यावर मोळी; वर खाड्याचा धाक. लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे. काही खाजगी दवाखान्यांचा लोभ. परंतु आम्हांला सर्वांत बोचले ते कारण वेगळे आहे. या बायकांच्या मनात कर्करोगाची भीती होती, आणि ती भीती खरी की खोटी हे पाहण्याची चाचणी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. दहा मिनिटांच्या तपासणीची जागा शस्त्रक्रियेने घेतली. त्या शस्त्रक्रियेसाठी उचल वाढली आणि वाढलेली उचल फेडायला पुढचा हंगाम आला. तरुणपणी गर्भाशय, आणि कित्येकदा त्यासोबत अंडाशयही, काढल्यामुळे हाडे ठिसूळ होणे, अंगाचा दाह, थकवा हे भोग वेगळेच.

आम्ही तिला दुसऱ्या दिवशी परभणीच्या सरकारी रुग्णालयात नेले. टोळी निघायला चार दिवस होते, म्हणून खाडा नव्हता. नेमकी हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. तेथील डॉक्टर बाईंनी तिला तपासले. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य आम्ल लावतात, ज्याचे नाते आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरशी आहे. मग मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात पाहतात. पेशींत संशयास्पद बदल असेल तर तो भाग पांढरा पडतो. तिच्या बाबतीत तसे काही झाले नाही. जंतुसंसर्ग होता. त्याच्या गोळ्या तिला मिळाल्या, नवऱ्यालाही घ्यायला सांगितल्या, कारण एकट्या बायकोने घेतल्या तर तोच त्रास पुन्हा उद्भवतो. तिचा रक्तदाबही पाहिला, रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले; ते कमी निघाले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दुपारी एकच्या आत सर्व आटोपले. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे ठिवायची म्हणा की पिशवी." तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता त्याला केवळ आनंद म्हणता येत नाही. आपल्या शरीराविषयीची एक खरी गोष्ट कोणी तरी प्रथमच आपल्याला सांगितली, असा तो भाव होता.

या साध्या चाचण्यांमागे आपल्या मराठी मुलखातलेच मोठे संशोधन उभे आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी चाचणी आयुष्यात एकदाच करण्यात आली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या विषाणूची चाचणी ज्या गटात झाली, तिथे या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात तपासणी झाली नाही, तिथे ६४. तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे रास्त नैतिक प्रश्न विचारले गेले, तेही विसरता येत नाहीत. दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांत झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातून ही आम्लाची चाचणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली गेली. त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले म्हणजे फिरत्या माणसाच्या दृष्टीने एक मर्म हाती लागते. मुंबईत आम्लाच्या चाचणीचा गुण आला तो चार वेळा घरोघर बोलावणे गेल्यामुळे. उस्मानाबादेत हीच चाचणी एकदाच केली गेली, तेव्हा मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. तिथे उपयोगी पडली ती विषाणूची चाचणी, एकदाच करूनही. म्हणजे ज्या बाईचे पुन्हा भेटणे अनिश्चित आहे, तिच्यासाठी एका भेटीत अधिक सांगणारी चाचणी हवी. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जे ध्येय पुढे ठेवले, त्यात सत्तर टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत अशी उत्तम प्रतीची चाचणी व्हावी असे म्हटले आहे. या चाचणीचा नमुना बाईला स्वतःच्या हाताने, आडोशाला जाऊन घेता येतो, हीसुद्धा मान्य झालेली गोष्ट आहे. उसाच्या फडावर याचा अर्थ फार मोठा आहे. आयुष्यात दोन वेळा, आपल्या हाताने, खाडा न पडता. अशी चाचणी आज गावोगावच्या उपकेंद्रात मिळत नाही. पण मागणी कोणत्या गोष्टीची करायची, हे तरी आपल्याला कळले पाहिजे.

पूर्वीच्या काळी वैद्य फिरत असे आणि रोगी एका जागी असे. झोळीत मुळ्या घेऊन वैदू गावात येई, ओट्यावर बसे, नाडी पाही आणि पुढच्या गावाला जाई. १९९१ साली जीवनरेखा एक्स्प्रेस सुरू झाली तीही याच विचाराने: रूळ जिथवर पोहोचतात तिथवर शस्त्रक्रियागृह न्यावे. पुढे त्या गाडीत कर्करोगाच्या तपासणीचीही सोय झाली. हे काम थोर आहे. परंतु ऊसतोड्याच्या बाबतीत सारे उलटे झाले आहे: दवाखाना जागेवर आहे आणि रोगी फिरतो आहे. तेव्हा गाडी नेमकी कोणत्या स्थानकावर उभी करायची? त्याचे उत्तर आम्हांला त्या चार दिवसांनी दिले. माणसे निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात आणि परतल्यानंतरच्या पंधरवड्यात. त्या दिवसांत सारी टोळी गावात असते, खाडा नसतो, आणि मुकादमाच्या यादीमुळे कोण जाणार, कुठे जाणार हेही ठाऊक असते. वर्षातले हे दोन पंधरवडे ज्या आरोग्य केंद्राने साधले, त्याने फिरत्यांची तपासणी साधली. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, हाच आग्रह २०१९ नंतर सातत्याने धरला गेला आहे. जिथे तो पाळला जातो तिथे त्याचे मोल बायकांना कळते.

आणि बोलावणे कोणी करायचे? जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि कित्येकदा उपेक्षित जातींतील स्त्रियांना आरोग्यसेविका केले. ज्या बाईला गावातले प्रत्येक गरोदरपण, प्रत्येक खोकला ठाऊक आहे, तिच्याइतके स्मरण कोणत्याही फाईलला नसते. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजची आशाताई त्याच वाटेवरून चालते आहे. तिच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा मारून पान उलटले जाते; त्या शेऱ्यापुढे 'कुठे, कधी परतणार, पुढची तपासणी कधी' हे तीन रकाने यावेत, एवढीच आमची मागणी आहे. २०२१ पासून देशभर चौदा अंकी आरोग्य क्रमांकाची योजना आली. त्याखाली साठवलेली माहिती देशात कुठेही उघडता येते. आम्ही तो क्रमांक काढला आहे आणि तो उपयोगी आहे. परंतु ज्या दवाखान्याने नोंद चढवलीच नाही, तिथली माहिती तो कुठून दाखवणार? शंभर पानी वहीचे काम म्हणून अजून संपलेले नाही.

त्या बाईला आम्ही वही दिली नाही, कारण फडावर वही भिजते. एका जाड कागदावर सर्व लिहिले: नाव, तारीख, काय तपासले, काय आढळले, कोणत्या गोळ्या, पुढची तपासणी कधी. तो कागद दुधाच्या पिशवीत घालून दोऱ्याने बांधला. पाडव्याच्या सुमारास गुरुजींचा फोन आला. टोळी परतली होती. हंगामात एकदा ताप आला तेव्हा तिने तिकडच्या सरकारी दवाखान्यात तो कागद दाखवला, तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर आपल्या दोन ओळी लिहिल्या. टोळीतल्या आणखी चौघी जणी आता गुरुजींकडे विचारायला येऊन गेल्या होत्या. तिची पुढची तपासणी २०२८ मध्ये आहे. ते साल आम्ही आमच्या वहीतही लिहून ठेवले आहे.

हे सारे परभणी-बीडकडचे, आपल्या धर्मग्रामांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. वसईच्या पूर्वपट्टीत आणि भिवंडीकडे पावसाळा संपला की वीटभट्ट्या पेटतात. जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबे तिथे झोपड्या बांधून सात-आठ महिने राहतात. आगाऊ रक्कम, जोडीने काम, आठवड्याला खर्ची. नावे वेगळी, रीत तीच. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांच्या विटा त्यांच्याच हातच्या आहेत. आपल्या गावात निवृत्त परिचारिका आहेत, महिला मंडळे आहेत, सभागृहे आहेत आणि वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरवण्याची हौसही आहे. ते शिबिर बहुधा रविवारी भरते आणि तिथे आपणच आपला रक्तदाब मोजून घेतो. ते एकदा भट्टीवर भरवावे. दिवस मालकाला न विचारता मजुरांना विचारून ठरवावा. खर्ची मिळते आणि भट्टीवरचे काम थांबते, तो दिवस. जवळच्या आरोग्य केंद्राला आधी पत्र द्यावे म्हणजे तेथील सिस्टर आणि गोळ्या सोबत येतील. मोठ्या यंत्राची गरज नाही. रक्तदाबाचे यंत्र, साखर पाहण्याच्या पट्ट्या, तोंडात पाहायला विजेरी, एक पडदा, आणि ज्यांना पुढे पाठवायचे त्यांच्यासोबत जाणारे एक माणूस. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि तेच शिबिराच्या यादीत बहुधा नसते.

उठताना प्रत्येकाच्या हाती एक जाड कागद द्यावा. त्यावर गावाच्या रकान्यात दोन ओळी ठेवाव्यात: एक मूळ गावासाठी, एक आजच्या मुक्कामासाठी.